आईच्या कपाटातले ६२ खण

कुणाकडे जेवायला जायचं असलं की निघायच्या दहा मिनिटं आधी आमच्या घरात एकच धावपळ उडते. न्यायची वस्तू तयार असते. घरचं लिंबाचं लोणचं, चिवडा, नाहीतर राजवाड्याजवळून आणलेली लौंग सेव. तयार नसतं ते तिचं वेष्टन. मग कपाटावरच्या जुन्या पिशव्या खाली येतात. एकीवर सराफाचं नाव छापलेलं, दुसरीवर ‘हॅपी बर्थडे’, तिसरीचा बंद तुटलेला. शेवटी वाटेत गाडी थांबवून चमकीचा कागद आणि टेप घ्यायची, आणि गाडीतच मांडीवर ठेवून डबा गुंडाळायचा. तिकडे पोचल्यावर यजमानीणबाई तो कागद दोन मिनिटांत फाडून बाजूला टाकतात.

हे मी अनेक वर्षं केलं. थांबवलं ते माझ्या नऊ वर्षांच्या भाचीनं.

दोन वर्षांपूर्वीची भाऊबीज. मी माहेरी होते. सगळे गेल्यावर मी आवराआवर करत होते आणि फाडलेले कागद सुक्या कचऱ्याच्या डब्यात कोंबत होते. इंदूरमध्ये ओला आणि सुका कचरा वेगळा करायला आता कुणाला शिकवावं लागत नाही. २०१७ ते २०२३ असं सलग सात वेळा आपलं शहर स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं, त्याचा अभिमान प्रत्येक घराला आहे. मलाही होताच. एवढ्यात भाची म्हणाली, “आत्या, हा कागद नाहीच आहे.” तिनं एक तुकडा मुठीत घट्ट चुरगळला आणि मूठ उघडली. तुकडा फुलासारखा परत उमलला. “कागद असता तर चुरगळलेलाच राहिला असता. याच्यावर प्लॅस्टिक आहे. शाळेत दाखवलं आम्हाला.”

तुम्हीही करून बघा. चमकीचा, झिलईचा बहुतेक गिफ्ट पेपर या परीक्षेत नापास होतो. त्यावर प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, चमकी असते, वर टेप चिकटलेली असते. असा कागद लगद्याच्या कामाचा राहत नाही. मिठाईच्या डब्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायच्या प्लॅस्टिक फिल्मवर तर केंद्र सरकारनं १ जुलै २०२२ पासून बंदीच घातली आहे. कायदा झाला, पण आपल्या हाताची सवय कुठे गेली?

फिरते चषक

उत्तर घरातच होतं, आईच्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात.

खण म्हणजे खरं तर बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला विणलं जाणारं चोळीचं कापड. लहान पन्हा, दोन्ही बाजूंना काठ, मध्ये बारीक बुट्टी. पण आपल्या घरांमध्ये ओटीत आलेल्या कुठल्याही ब्लाउजपीसला खणच म्हणतात. हे खण शिवायला टाकले जात नाहीत. साडीला जुळत नाहीत, कापड कमी पडतं, रंग आवडत नाही. म्हणून ते पुढच्या ओटीसाठी ठेवले जातात. आमचे बाबा त्यांना ‘फिरते चषक’ म्हणतात. आई प्रत्येक घडीत चिठ्ठी ठेवते, कुणाकडून आला ते लिहून, म्हणजे चुकून त्याच घरी परत जायला नको. तरीही एकदा तिनं दिलेला पोपटी खण चार वर्षांनी तिच्याच ओटीत आला, कोपऱ्यातल्या हळदीच्या डागासकट!

त्या दिवाळीनंतर आम्ही दोघींनी बसून मोजले. ६२ निघाले.

मी म्हटलं, “आई, यात बांधून नेऊया ना वस्तू.” आई लगेच तयार झाली नाही. “ओटीचे खण आहेत ते. त्यात लोणचं बांधायचं?” तिचा आक्षेप मला पटण्यासारखा होता. देवीच्या ओटीतून प्रसाद म्हणून आलेले आणि आजीच्या हातून मिळालेले असे १९ खण तिनं वेगळे काढले. उरलेले ४३ माझ्या हवाली केले. “फाडू मात्र नकोस,” एवढंच म्हणाली.

पुरचुंडी आपल्याला नवी नाही

कापडात बांधून देणं ही काही नवी टूम नाही. मराठीत त्यासाठी शब्द तरी किती आहेत बघा. मोठं ते गाठोडं, वेडंवाकडं ते बोचकं, मूठभर जिन्नस बांधला की पुरचुंडी. पोथी गुंडाळायचं कापड म्हणजे बासन. एखादं काम लांबणीवर पडलं की आपण ‘बासनात गुंडाळून ठेवलं’ म्हणतो, ते त्यातूनच आलं. पेशवे दफ्तरातले कागद कापडात बांधून ठेवलेले असतात आणि त्या गठ्ठ्याला ‘रुमाल’ असंच म्हणतात. आणि भेट नेणाऱ्या पाहुण्यांमधला सगळ्यांत प्रसिद्ध पाहुणा तर सुदामा. फाटक्या कापडात बांधलेले पोहे द्यायला तो लाजला, आणि यजमानानं ती पुरचुंडी स्वतः ओढून घेतली.

बांधायची पद्धत मात्र मी जपानी व्हिडिओ बघून शिकले, हे कबूल करते. तिथे अशा चौकोनी कापडाला फुरोशिकी म्हणतात. ‘फुरो’ म्हणजे आंघोळ. सार्वजनिक स्नानगृहात कपडे बांधून न्यायचं कापड, त्यावरून हे नाव पडलं. प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्यावर तिथेही ते मागे पडलं. २००६ मध्ये तेव्हाच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी पुनर्वापर केलेल्या प्लॅस्टिक बाटल्यांच्या धाग्याची एक फुरोशिकी लोकांपुढे ठेवली आणि तिला ‘मोत्ताइनाई फुरोशिकी’ असं नाव दिलं. ‘मोत्ताइनाई’ म्हणजे वाया जातंय याची हळहळ. आपली आजी भाताचं शीत सांडलं तरी हळहळायची, तेच.

कसं बांधायचं

आधी माप. वस्तूची लांबी जितकी असेल त्याच्या साधारण तिप्पट कापडाचा कर्ण, म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर, असावा. पुस्तक किंवा लोणच्याची मध्यम बरणी असेल तर ५० सेंटिमीटरचा चौकोन पुरतो. अर्धा किलोच्या मिठाईच्या डब्याला ७० सेंटिमीटर लागतो. ब्लाउजपीस चौकोनी नसतो, म्हणून एक बाजू आत दुमडून घ्यायची. कापायची गरज नाही, आईचा शब्दही राहतो.

डबा किंवा पुस्तक असेल तर:

१. कापड उलटं पसरून वस्तू मध्यभागी ठेवा, कापडाचं टोक तुमच्याकडे येईल अशी.
२. तुमच्याकडचं टोक वस्तूवर टाकून खाली खोचा.
३. समोरचं टोक त्यावरून आणा.
४. डावं-उजवं टोक वर घेऊन मध्ये गाठ मारा.

बरणी असेल तर ती मध्यभागी उभी ठेवा. समोरासमोरची दोन टोकं झाकणावर एकत्र बांधा. उरलेली दोन टोकं बाजूंनी वर घेऊन त्यावर दुसरी गाठ मारा. या वरच्या टोकांना थोडा पीळ देऊन पुन्हा बांधलं की धरायला कडी होते. पिशवी लागतच नाही.

खरी मेख गाठीत आहे. पहिल्यांदा उजवं टोक डाव्यावरून, दुसऱ्यांदा डावं टोक उजव्यावरून. दोन्ही वेळा एकाच बाजूनं घेतलं तर गाठ आडवी बसते आणि वाटेत सुटते. बरोबर बसलेली गाठ चपटी दिसते आणि ओढली की आणखी घट्ट होते. सोडायची असेल तर एक टोक धरून उलट्या दिशेला सरळ ओढा. दुसऱ्या टोकाचा विळखा सैल होतो आणि अलगद निघतो. दातांनी सोडवायची वेळ येत नाही. हे यजमानांना एकदा करून दाखवा, लहान मुलांना तर जादूच वाटते.

कापडाच्या कडा सुटू नयेत म्हणून साडीला फॉल-पिको करून देतात त्या दुकानात चारही बाजूंनी पिको करून घ्या. झिगझॅग कात्रीनं कडा कापल्या तरी काही दिवस चालतं.

कपड्याचं म्हणाल तर प्रत्येक गावाचं कपाट वेगळं. ग्वाल्हेरकरांकडे चंदेरीचे तुकडे असतील. ते विरळ असतात, दुहेरी घ्यावेत. बडोद्याच्या घरांत बांधणी असेल, ती आधी वेगळी धुऊन रंग जातो का ते पाहावं. हैदराबादकडचं पोचमपल्ली सुती असेल तर गाठीला उत्तम. आमच्याकडे माहेश्वरी साडीतला उरलेला तुकडा हमखास सापडतो. दिसायला सुंदर, पण रेशमामुळे गाठ निसटते, तिला दोनदा बांधावं. धार जिल्ह्यातल्या बाघ प्रिंटचं सुती कापड मात्र माझं सगळ्यांत आवडतं.

एकच गोष्ट करू नका. ‘पर्यावरणपूरक वेष्टन’ म्हणून नवं कापड विकत आणू नका. एका सुती टी-शर्टच्या कापसामागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं असा हिशेब सांगतात. कपाटात आहे ते वापरलं तरच यात काही अर्थ आहे.

फजितीचे दिवस

सुरुवातीला घोटाळे पुष्कळ झाले. एका वाढदिवसाला मी गुलाबजामचा डबा खणात बांधून नेला. डबा कलंडला आणि पाक खणातून थेट गाडीच्या सीटवर. तेव्हापासून पातळ काही न्यायचं तर पेचाच्या झाकणाची बरणीच घेते. एकदा नवा लाल खण न धुता ओल्या स्टीलच्या डब्याला बांधला. त्याचा रंग माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर उतरला आणि रात्रभर मी तशीच वावरले.

पण त्याहून मोठा गोंधळ माणसांचा. एका मैत्रिणीला वाटलं मी कापड विसरून गेले. तिनं रात्री दहाला मुलाला स्कूटरवर पिटाळून ते परत पाठवलं. दुसऱ्या एका काकूंना वाटलं, लोणचं आणि वर ब्लाउजपीस! “अगं, एवढं कशाला?” म्हणत त्यांनी परतफेडीची तजवीज सुरू केली. दोन घरांतून कापड कधीच आलं नाही. खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात त्याचा हिशेब ठेवत होते, आणि तो ठेवणं मला आवडत नव्हतं.

शेवटी एक नियम केला. देताना स्पष्ट सांगायचं: “कापडही तुमचंच. वाटलं तर यातच बांधून पुढे कुणाला द्या.” परत मागायचं नाही. वाट बघायची नाही. चषक फिरता आहे, तो फिरू दे.

मोठ्या काकूंचा खण

या नियमाची खरी परीक्षा रामबागेत झाली.

आमच्या मोठ्या काकू तिथे राहतात. काका सहा वर्षांपूर्वी गेले. त्याआधी संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत एकही हळदीकुंकू काकूंशिवाय झालं नव्हतं. सगळ्यांची गाणी त्यांना पाठ, आणि वाणाचा हिशेबही त्यांच्याकडे. काका गेल्यावर त्यांना कुणी ‘येऊ नका’ म्हटलं नाही. फक्त कुणी बोलवायला गेलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. संक्रांतीला मुलांच्या हातून त्या तिळगूळ पाठवत राहिल्या.

मी काही ठरवून केलं नाही. आवळ्याच्या लोणच्याची बरणी द्यायची होती आणि गठ्ठ्यात सगळ्यांत वर जांभळा खण होता, सोनेरी काठाचा. मी तो बांधला. आईनं बघितलं आणि म्हणाली, “दुसरं काही घे ना. साधा रुमाल घे.”

“का?”

“वहिनींना कसं वाटेल?”

“कसं वाटेल?”

आईकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. खण देऊन मी त्यांना दुखावेन की न देऊन, हेच मला कळत नव्हतं. रिक्षात बसल्यावरही दोनदा वाटलं, सोडून टाकावा आणि पर्समध्ये ठेवावा. नाही सोडला.

काकूंनी गाठ सोडली, बरणी बाजूला ठेवली आणि खण मांडीवर घेऊन तळहातानं सारखा केला. त्यांचं माहेर बेळगावचं. “हा खरा गुळेदगुड्डचा आहे,” त्या म्हणाल्या. “पन्हा बघ. आमच्याकडे परकर-पोलकी याचीच शिवायचे.” मग थोडं थांबून, “सहा वर्षांत खण हातात आला नव्हता.”

मी घाबरले आणि जे बोलू नये तेच बोलले. “ओटी नाहीये हो काकू. लोणच्याचं कापड आहे.”

काकू हसल्या. “माहीत आहे गं. ओटी असती तर मी काय केलं असतं, मलाच ठाऊक नाही. लोणच्याचं आहे म्हणून घेतला.”

आठवड्यानं खण आमच्याकडे परत आला. आत थालीपीठाची भाजणी होती. चारही कडांना हातानं तुरपाई केलेली, टाके इतके बारीक की मशीनचे वाटावेत. सोबत निरोप: “पिकोला कशाला पैसे घालवता? बाकीचे पाठवून दे.” मी ४० पाठवले. तीन महिन्यांत सगळे तुरपून आले, पाच-पाचचे गठ्ठे करून, आणि प्रत्येक गठ्ठा एका खणातच बांधलेला.

गेल्या संक्रांतीला आईनं वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे आणले नाहीत. तिळाचे लाडू आणि त्याच खणांच्या पुरचुंड्या. पहिली पुरचुंडी घेऊन ती स्वतः रामबागेत गेली आणि काकूंना हळदीकुंकवाला बोलावून आली. काकू आल्या का? नाही. “पुढच्या वर्षी बघू,” म्हणाल्या. सहा वर्षांची सवय एका खणानं जात नाही. पण आलेल्या प्रत्येकीनं पुरचुंडी उलटून टाके बघितले आणि विचारलं, “कुणी केलं हे?” आई प्रत्येकीला काकूंचं नाव सांगत होती. दुसऱ्या दिवसापासून काकूंचा फोन वाजायला लागला. कुणाला तुरपाई शिकायची होती, कुणाला नुसत्या गप्पा मारायच्या होत्या.

कागदात गुंडाळलेली भेट दिली की प्रकरण तिथेच संपतं. कापड मागे उरतं. ते घडी करून ठेवावं लागतं, त्याचं पुढे काय करायचं याचा विचार करावा लागतो, आणि विचार करताना देणाऱ्याची आठवण होते. आजीच्या काळी शेजाऱ्यांचं भांडं रिकामं परत करायचं नाही अशी रीत होती. चमच्याभर साखर तरी घालायची. ती रीत डिस्पोजेबल डब्यांनी मोडली. कापडाच्या निमित्तानं ती परत सुरू करता येते, मात्र एका अटीवर: आपण परतीची अपेक्षा ठेवायची नाही.

तेव्हा या रविवारी आईचं, सासूबाईंचं, आजीचं कपाट उघडा. आधी विचारा, कुठले खण ठेवायचे आणि कुठले फिरवायचे. ते सांगताना त्या जे बोलतील तेही ऐकून घ्या. मग एक सरळ गाठ शिका. आणि पहिली पुरचुंडी कुणाला द्यायची हे ठरवताना, जिच्याकडे बरेच दिवसांत कुणी गेलेलं नाही तिचं नाव आधी घ्या.

तो जांभळा खण सध्या आमच्याकडे नाही. काकूंच्या भाजणीनंतर तो माझ्या भाचीच्या बाईंकडे पुस्तक बांधून गेला, तिथून कुठे गेला माहीत नाही. कडेला बारीक तुरपाई असलेला सोनेरी काठाचा खण तुमच्या घरी आला, तर धुऊन ठेवा आणि काहीतरी बांधून पुढे द्या.